उद्धटपणा की वेगळी रीत? दुसऱ्या संस्कृतीतल्या माणसाशी बोलताना गैरसमज का होतात

ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावरच्या कॅन्टीनची ही गोष्ट आहे. तिथे वाढपाच्या कामावर काही भारतीय आणि पाकिस्तानी महिला नव्याने रुजू झाल्या होत्या. जेवायला येणारे बहुतेक जण विमानतळावर माल चढवणारे-उतरवणारे कामगार. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. या बायका नीट बोलत नाहीत, तुसड्या आहेत, सहकार्य करत नाहीत, असं गिऱ्हाईकही म्हणू लागलं आणि सुपरवायझरही. दुसरीकडे त्या महिलांनाही जाणवत होतं की आपल्याशी इथे बरं वागवत नाहीत. पण आपलं नेमकं काय चुकतंय, हे त्यांना कुणी सांगत नव्हतं.

जॉन गम्पर्झ हे भाषाशास्त्रज्ञ तिथे पोहोचले. त्यांनी बोलणं रेकॉर्ड केलं आणि पुन्हा पुन्हा ऐकलं. भांडण एका शब्दावर होतं. ताटात मांस घेणाऱ्याला ग्रेव्ही हवी का, असं विचारायचं असे. ब्रिटिश वाढपी म्हणायची, 'ग्रेव्ही?' आणि आवाज शेवटी वर जायचा. या महिला म्हणायच्या, 'ग्रेव्ही.' आवाज शेवटी खाली यायचा. बस, एवढंच.

ब्रिटिश कानाला वर जाणारा आवाज म्हणजे 'तुम्हाला ग्रेव्ही वाढू का?' आणि खाली येणारा आवाज म्हणजे 'ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या.' त्या महिलांच्या बोलण्यात मात्र अशा वेळी प्रश्न खालच्या सुरातच विचारतात. रेकॉर्डिंग ऐकवल्यावर पहिल्यांदा त्यांना दोन्हींत फरकच जाणवला नाही. सुपरवायझरला मात्र तो लगेच कळला. मग दोन्ही बाजूंनी आपापला अर्थ सांगितला. आपल्याकडे लोक नाराजीने का पाहतात, हे महिलांना समजलं आणि यांच्या मनात उद्धटपणा नव्हता, हे सुपरवायझरना समजलं.

गम्पर्झ यांनी हे उदाहरण १९८२ सालच्या आपल्या पुस्तकात नोंदवलं. त्याआधी १९७९ साली बीबीसीने त्यांच्या कामावर 'क्रॉसटॉक' नावाचा कार्यक्रमही केला होता. या उदाहरणात लक्षात ठेवण्याजोगी एक गोष्ट आहे. त्या ठिकाणी कुणीही 'यांची प्रश्न विचारण्याची पद्धत वेगळी आहे' असं म्हटलं नव्हतं. सगळे म्हणत होते, 'या बायका उद्धट आहेत.' पद्धतीतला फरक लोकांना स्वभावातला दोष म्हणून ऐकू आला होता.

सांस्कृतिक गैरसमजाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. ते कसं घडतं, आणि रोज अनोळखी माणसांशी मोबाइलवर बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यातून काय घ्यावं, ते पाहू.

संस्कृती म्हणजे नेमकं काय?

संस्कृती म्हटलं की आपल्याला सण, पोशाख, खाद्यपदार्थ, नृत्य, देवळं आठवतात. हे सगळं संस्कृतीत येतंच. पण यावरून सहसा भांडणं होत नाहीत. जपानी माणूस किमोनो घालतो किंवा बंगाली माणूस मासे खातो, याने आपला गैरसमज होत नाही, कारण फरक डोळ्यांना दिसतो.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८७१ साली संस्कृतीची जी व्याख्या केली, तिच्यात ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, चालीरीती आणि माणूस समाजात राहून जे जे शिकतो ते सगळं येतं. यातलं 'शिकतो' हे महत्त्वाचं. संस्कृती रक्तातून येत नाही, ती अंगवळणी पडते. आणि इतकी अंगवळणी पडते की आपण काही शिकलोय, हेच विसरून जातो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सरकारने परदेशात जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण सुरू केलं. तिथे एडवर्ड हॉल हे मानववंशशास्त्रज्ञ शिकवत. भाषा उत्तम येणारे अधिकारीही परदेशात अडखळतात, याची कारणं ते शोधत होते. त्यांचं 'द सायलेंट लँग्वेज' हे पुस्तक १९५९ साली आलं. माणसं वेळ, अंतर, स्पर्श आणि शांतता यांमधूनही बोलत असतात, आणि या न बोललेल्या भाषेचं व्याकरण प्रत्येक समाजात वेगळं असतं, हे त्यांनी दाखवलं. बोलताना किती जवळ उभं राहायचं, किती उशीर झाला तर माफी मागायची, गप्प बसणं म्हणजे होकार की नाराजी, हे नियम कुठेही लिहिलेले नसतात. म्हणून ते मोडल्यावर आपल्याला 'नियम मोडला' असं वाटत नाही. 'माणूसच विचित्र आहे' असं वाटतं.

शब्दांत किती आणि संदर्भात किती?

हॉल यांनी १९७६ सालच्या 'बियाँड कल्चर' या पुस्तकात एक उपयोगी फरक मांडला. काही समाजांत बोलण्याचा बराचसा अर्थ संदर्भात असतो: कोण बोलतंय, कुणाशी, कुठे, कोणत्या सुरात. याला त्यांनी 'हाय-कॉन्टेक्स्ट' म्हटलं. काही समाजांत अर्थ शक्यतो शब्दांतच ठेवला जातो. ते 'लो-कॉन्टेक्स्ट'. जपान पहिल्या प्रकाराचं आणि जर्मनी दुसऱ्या प्रकाराचं नेहमीचं उदाहरण.

आपलं मराठी बोलणं कुठे बसतं? स्वतःच तपासून पाहा. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. नारळ 'फोडत' नाही, 'वाढवतो'. लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्याला 'मी येणार नाही' असं तोंडावर कुणी सांगत नाही. 'बघू', 'जमवतो', 'कळवतो' असं म्हणतो आणि समोरच्यालाही बरोबर कळतं. शेजारचे काका 'कुठे निघालात?' असं विचारतात तेव्हा त्यांना पत्ता नको असतो, ते नमस्काराच्या जागी असतं. परदेशातून आलेल्या पाहुण्याला मात्र ही चौकशी खाजगी आयुष्यात नाक खुपसल्यासारखी वाटू शकते.

पानावरचा आग्रह घ्या. 'आणखी एक पोळी?' असं विचारल्यावर पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, यजमानाने पुन्हा म्हणायचं, मग 'बरं, अर्धी' म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. ती न कळणारा जर्मन पाहुणा पुण्यातल्या घरी पोट फुटेपर्यंत खातो, कारण त्याचं 'नको' कुणी ऐकतच नाही. आणि पुण्याचा पाहुणा जर्मनीत अर्धपोटी उठतो, कारण त्याचं पहिलंच 'नको' खरं मानलं जातं. दोन्ही यजमान चांगलेच आहेत. एकाने आग्रहातून मान दिला, दुसऱ्याने शब्दावर विश्वास ठेवून.

इराणमध्ये याच जातीची 'तारोफ' नावाची रीत आहे. दुकानदार पैसे घ्यायला नाही म्हणतो, 'याची काय किंमत' अशा अर्थाचं बोलतो. गिऱ्हाइकाने पुन्हा आग्रह करून पैसे द्यायचे असतात. खरंच फुकट मिळालं समजून निघून जाणारा परदेशी प्रवासी तिथे फजीत होतो.

इथे एक सावधगिरी हवी. 'नको'चा अर्थ संदर्भाने बदलतो ही सूट जेवणाच्या पानापुरतीच. कुणाच्या शरीराचा, फोटोचा किंवा खाजगी माहितीचा प्रश्न असेल तिथे 'नको' म्हणजे नको. त्यावर संस्कृतीचं पांघरूण घालता येत नाही.

देश ओलांडायचीही गरज नाही

सांस्कृतिक फरक म्हणजे परदेश, असं मानायचं कारण नाही. लखनौच्या माणसाशी मराठी माणूस हिंदीत बोलतो तेव्हा काय होतं पाहा. मराठीत वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' म्हणणं पुरेसं आदराचं आहे. 'आपण' हे सभासमारंभातलं किंवा फार औपचारिक. मराठी माणूस मनात 'तुम्ही' म्हणतो आणि तोंडाने 'तुम' म्हणतो. पण हिंदीत 'तुम' बरोबरीच्याला किंवा लहानाला वापरतात. मोठ्यांसाठी 'आप'. त्यामुळे मराठी माणसाने दिलेला मान वाटेत एक पायरी खाली उतरतो. मुंबईच्या हिंदीतलं 'तेरे को' ऐकून उत्तर भारतीय पाहुणा दचकतो, तेही यामुळेच.

याच्या उलटही होतं. मराठी घरात आईला 'तू' म्हणतात आणि त्यात माया असते. ज्या हिंदीभाषक घरांत आईला 'आप' म्हणायची सवय आहे, त्यांना हे ऐकून मुलगा आईशी उर्मटपणे बोलतोय असं वाटू शकतं. शब्द तोच, पण घरं दोन.

मराठीच्या आतही हे घडतं. नागपूरचा मित्र 'काय करून राहिला बे?' असं विचारतो, त्यात जवळीक असते. पुण्याच्या कॉलेजात नुकत्याच ओळख झालेल्या मुलाला तोच 'बे' खटकतो. आणि पुण्यातलं मोजकं, थेट उत्तर बाहेरगावच्या माणसाला तुटक वाटतं. पुणेरी पाट्यांवर आपण हसतो, पण एखाद्या नवख्या माणसाला ती पाटी खरोखर लागते.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत. 'आपण' म्हटलं की ऐकणारा त्यात आला, 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहिला. गुजरातीत हा फरक आहे, तमिळ आणि तेलुगूतही आहे. प्रमाण हिंदीत आणि इंग्रजीत नाही. 'वी विल फिनिश धिस बाय फ्रायडे' असा मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर आला, तर काम 'आम्ही' करणार की 'आपण' करणार, हे त्या वाक्यात नाही. शुक्रवारी दोन्ही टीम एकमेकींकडे पाहत बसतात, आणि मग 'ते लोक जबाबदारी घेत नाहीत' असा शेरा निघतो.

मोबाइलच्या पडद्यावर हे अवघड का होतं?

समोरासमोर बोलताना सूर, चेहरा, हातवारे मदत करतात. मेसेजमध्ये हे सगळं गळून पडतं. कॅन्टीनमधल्या त्या महिलांचा निदान आवाज तरी ऐकू येत होता. आपल्या स्क्रीनवर फक्त 'ग्रेव्ही' एवढंच येतं, आणि सूर वाचणारा स्वतःच्या मनाने लावतो.

म्हणून मग लहान खुणांवर अर्थाचं ओझं येतं. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली विद्यार्थ्यांना काही मेसेज वाचायला दिले. एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला, तर ते उत्तर वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचं वाटलं. ज्या पिढीने शाळेत वाक्यापुढे पूर्णविराम द्यायला शिकलं, ती 'ठीक.' लिहिते. ज्या पिढीने मोबाइलवर लिहायला शिकलं, ती वाचते, 'रागावलेत वाटतं.' एकाच घरात, एकाच फॅमिली ग्रुपवर दोन संस्कृती नांदत असतात.

इमोजींचंही असंच. जोडलेले हात आपल्याला नमस्कार वाटतात. जपानमध्ये ते 'कृपया' किंवा 'आभारी आहे' या अर्थाने वापरले जातात. उभारलेला अंगठा आपल्याकडे 'छान' किंवा 'चालेल'. इराणसारख्या देशांत ही खूण परंपरेने अपमानाची मानली गेली आहे.

अंगठ्याचा हा प्रश्न कॅनडात थेट न्यायालयात गेला. २०२१ साली सस्कॅचवान प्रांतात धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने एका शेतकऱ्याला जवस खरेदीच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि करार पक्का असल्याचं कळवायला सांगितलं. शेतकऱ्याने उत्तरात अंगठ्याचा इमोजी टाकला. माल काही पोहोचला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं होतं, 'अंगठा म्हणजे मेसेज मिळाला, एवढंच.' कंपनीचं म्हणणं होतं, 'अंगठा म्हणजे मान्य.' २०२३ साली न्यायाधीशांनी अंगठ्याला सहीइतकंच ग्राह्य धरलं आणि शेतकऱ्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरायला सांगितले. या निकालात महत्त्वाचा ठरला तो दोघांचा जुना व्यवहार. आधीच्या करारांनाही शेतकऱ्याने 'ओके' वगैरे एखाद्या शब्दात उत्तर दिलं होतं आणि माल पोहोचवला होता. म्हणजे न्यायालयाने खुणेचा अर्थ कुठल्या कोशात शोधला नाही, त्या दोघांच्या रीतीत शोधला.

एका 'सुप्रभात'ची अटक

ऑक्टोबर २०१७ मधली घटना याहून गंभीर आहे. वेस्ट बँकमधल्या एका पॅलेस्टिनी बांधकाम कामगाराने फेसबुकवर स्वतःचा फोटो टाकला. तो बुलडोझरला टेकून उभा होता. सोबत अरबीत लिहिलं होतं, 'सगळ्यांना सुप्रभात' अशा अर्थाचं. फेसबुकच्या यंत्र-भाषांतराने हिब्रूत त्याचं 'त्यांच्यावर हल्ला करा' असं केलं. इस्रायली पोलिसांनी त्या माणसाला ताब्यात घेतलं. त्यापूर्वी अरबी जाणणाऱ्या एकाही अधिकाऱ्याने मूळ मजकूर वाचलेला नव्हता. काही तासांनी चूक लक्षात आली, माणूस सुटला आणि फेसबुकने माफी मागितली.

यंत्र चुकलं, हे खरं. पण यंत्राच्या भाषांतरावर विश्वास का बसला? फोटोत बुलडोझर होता, माणूस 'त्या बाजूचा' होता, आणि मनात भीती आधीच होती. चुकीच्या शब्दाला तयार चौकट मिळाली. अरबी येणाऱ्या एखाद्याला 'यात काय लिहिलंय?' असं विचारायला दोन मिनिटं लागली असती.

आपण कुणाला अटक करू शकत नाही, हे खरं. पण परक्या भाषेतला व्हिडिओ 'बघा, हे लोक काय बोलतायत' अशा ओळीसह पुढे ढकलणं आपल्या हातात असतं. खालची भाषांतराची पट्टी कुणी लिहिली, मूळ बोलणं काय आहे, ते कोणत्या प्रसंगी बोललं गेलं, यातलं काहीच ठाऊक नसताना एका बोटाने तो शंभर घरांत पोहोचतो. त्या शंभर घरांच्या शेजारी ती भाषा बोलणारं एखादं घर असतं.

सगळंच संस्कृतीवर ढकलायचं का?

नाही. आणि इथेच बरेच जण घसरतात.

डच संशोधक गेर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांची एक लाखाहून जास्त उत्तरपत्रं तपासली. १९८० सालच्या पुस्तकात त्यांनी देशांची तुलना करणारी परिमाणं मांडली. त्यातलं एक म्हणजे सत्तेचं अंतर: वरच्याला खालचा किती सहज टोकू शकतो. भारताचा आकडा बराच वरचा निघाला. बॉसला 'तुमचं चुकतंय' म्हणताना आपली जीभ का अडते, याचा थोडा उलगडा यातून होतो. पण हे देशाचे सरासरी आकडे आहेत, आणि तेही एकाच कंपनीच्या नोकरदारांवरून काढलेले. त्यावरून समोरच्या एका माणसाचा स्वभाव सांगणं, म्हणजे राज्याच्या सरासरी पावसावरून आज तुमच्या गल्लीत छत्री लागेल का ते सांगण्यासारखं आहे.

२५ जानेवारी १९९० ला एव्हियांका या कोलंबियन कंपनीचं विमान क्रमांक ५२ न्यूयॉर्कजवळ कोसळलं. विमानात १५८ जण होते, ७३ जणांचा मृत्यू झाला. खराब हवामानामुळे त्याला तासाभराहून जास्त वेळ हवेत थांबवून ठेवलं होतं आणि त्याचं इंधन संपलं. सहवैमानिकाने नियंत्रकांना 'प्राधान्य हवं', 'इंधन संपत आलंय' असं सांगितलं होतं. पण 'इमर्जन्सी' हा शब्द कधीच उच्चारला नाही. नियंत्रकांनी ते नेहमीच्या अडचणीसारखं ऐकलं.

नंतर या अपघाताचं कारण कोलंबियन लोकांच्या अधिकाऱ्यांपुढे दबून राहण्याच्या संस्कृतीत शोधणारं बरंच लिखाण झालं. ते वाचायला सुटसुटीत वाटतं. पण अमेरिकी तपास यंत्रणेच्या अहवालाने इंधनाचं नियोजन आणि आणीबाणी वेळेत न कळवणं, ही वैमानिकांची चूक धरली. त्याच्या जोडीला हवाई वाहतुकीचं नियोजन कमी पडलं, असंही नोंदवलं. आणि इंधन कमी असल्याचं सांगायला वैमानिक व नियंत्रक दोघांना सारखेच समजतील असे ठरलेले शब्द नव्हते, यावरही बोट ठेवलं. 'ते लोक तसेच' या निष्कर्षातून पुढच्या विमानासाठी काहीच हाती लागत नाही. 'आपले शब्द ठरलेले नव्हते' यातून लागतं: शब्द ठरवता येतात.

आणखी एक. संस्कृतीचं कारण पुढे करून कधी कधी खरा भेदभाव झाकला जातो. कॅन्टीनच्या गोष्टीत सूर हा गैरसमजाचा भाग होता, पण सूर वेगळा म्हणून माणूस कमी दर्जाचा ठरवणं हा निव्वळ गैरसमज नव्हता. शिवाय जुळवून घेण्याचा भार नेहमी नव्याने आलेल्यावर, गरिबावर, अल्पसंख्याकावर टाकला जातो. तिथे वातावरण निवळायला सुरुवात झाली, ती सुपरवायझरनेही आपला कान बदलल्यामुळे.

सांगली जिल्ह्यातलं एक गाव

दोन्ही बाजू जुळवून घेतात तेव्हा काय होतं, याचं एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि तेही गम्पर्झ यांनीच जगापुढे आणलं. कॅन्टीनच्या अभ्यासाआधी ते भारतात काम करत होते. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये त्यांनी पाहणी केली आणि १९७१ साली रॉबर्ट विल्सन यांच्यासह त्यावर लेख लिहिला. आज सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका आहे. तेव्हा ते सीमाभागातलं खेडं होतं.

त्या गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू अशा भाषा शेकडो वर्षं शेजारी नांदत होत्या. जैन घरांत कन्नड, मुस्लिम घरांत उर्दू. बाहेर शेतावर, बाजारात लोक एकमेकांच्या भाषा बोलत. अभ्यासकांना दिसलं, की या भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली आहे की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं. कन्नड द्रविड कुळातली, मराठी-उर्दू इंडो-आर्यन कुळातल्या, तरीही. आणि शब्द मात्र प्रत्येकाने आपापले जपले होते. घरची भाषा घरचीच राहिली.

कुणी कुणाला 'आमचीच भाषा बोल' म्हणून ही जवळीक झाली नव्हती. रोजच्या व्यवहारात प्रत्येकाने थोडं थोडं वाकून घेतलं, आणि तरी कुणाची ओळख पुसली गेली नाही. जुळवून घेणं म्हणजे स्वतःला सोडणं नव्हे, हे कुपवाडच्या शेतकऱ्यांनी कुठलंही प्रशिक्षण न घेता दाखवून दिलं.

मग आपण काय करायचं?

मोठमोठे तक्ते पाठ करायची गरज नाही. 'जपानी असे, जर्मन तसे' अशा याद्या अर्ध्या वेळा चुकतात. त्यापेक्षा या सवयी कामाच्या आहेत.

१. दिसलं ते आणि वाटलं ते वेगळं करा. 'तिने एका शब्दात उत्तर दिलं' हे दिसलं. 'ती रागावली आहे' हा आपण लावलेला अर्थ. 'ती गर्विष्ठ आहे' हे आपलं मत. या तीन पायऱ्या आपण एका उडीत चढतो. पहिल्या पायरीवर थांबून विचारा: याचा दुसरा एखादा अर्थ निघतो का?

२. 'कळलं ना?' असं विचारू नका. जिथे मोठ्यांना नाही म्हणणं अवघड असतं, तिथे या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'हो' येतं, आणि त्या 'हो'चा अर्थ 'मी ऐकतोय' एवढाच असू शकतो. त्याऐवजी 'सुरुवात कुठून कराल?', 'कधीपर्यंत जमेल?', 'यात अडचण काय येईल?' असं विचारा.

३. कामाच्या गोष्टी उघड लिहा. कोण, काय, कधी. 'आपण करू' ऐवजी 'हे मी करतो, ते तुम्ही करा'. तारीख आकड्यांत नको, महिना अक्षरांत लिहा. ५/७ म्हणजे भारतात ५ जुलै, अमेरिकेत ७ मे.

४. होकार शब्दांत द्या. करार, पैसे, भेटीची वेळ अशा बाबतीत अंगठा किंवा मान डोलावणं पुरेसं समजू नका. आपली ती डावी-उजवी डोलणारी मान व्हिडिओ कॉलवर बऱ्याच परदेशी माणसांना 'नाही' वाटते.

५. आपली रीत आपणच सांगा. 'आमच्याकडे असं विचारणं म्हणजे आपुलकी, तुम्हाला खटकलं तर सांगा.' एवढ्या एका वाक्याने बरीच अढी टळते.

६. हाक कशी मारू, ते विचारा. नाव, सर, ताई, तुम, आप. 'तुम्हाला काय म्हणू?' असं विचारण्यात कमीपणा नाही.

७. 'तुम्ही लोक' हे दोन शब्द टाळा. समोर एक माणूस बसलेला असतो. त्याच्या तोंडी आख्ख्या राज्याचा, धर्माचा किंवा देशाचा जबाब मागू नका.

८. पुढे पाठवण्याआधी आतल्या माणसाला विचारा. परक्या भाषेतला किंवा समाजातला व्हिडिओ पाहून राग आला, तर ती भाषा जाणणाऱ्या ओळखीच्या माणसाला आधी दाखवा. तसं कुणी नसेल, तर पाठवू नका.

९. चुकलं तर थोडक्यात माफी मागा. 'माझा हेतू तसा नव्हता' एवढं म्हणून थांबू नका, कारण लागलेलं असतं ते शब्दांनी. 'तुम्हाला लागलं, पुढच्या वेळी असं म्हणणार नाही' हे पुरतं.

हे सगळं केल्यावरही काही माणसं उद्धट निघतील. उद्धटपणा प्रत्येक संस्कृतीत असतो. फक्त तो शिक्का मारण्याआधी समोरच्याची रीत काय आहे हे एकदा विचारून घेतलेलं बरं. त्या कॅन्टीनमध्ये रोज शेकडो ताटं वाढली जात होती आणि प्रत्येक ताटामागे थोडी थोडी कटुता साचत होती. 'तुम्ही हे असं का म्हणता?' हा साधा प्रश्न तिथे कुणीतरी विचारेपर्यंत ती साचतच राहिली.